आग्नेयेला वीतभर वर

अंगठ्याने बटण शोधू नका. या गाडीला बटण नाही. डाव्या पायाशी गिअरचा जो दांडा आहे तोच आत दाबायचा, मागे फिरवायचा आणि त्यालाच लाथ घालायची. गिअर आणि किक एकाच दांड्यावर बसवण्याची ही अक्कल मूळची चेकोस्लोव्हाकियातल्या जावाची. म्हैसूरच्या कारखान्यात तिचं नाव येझदी झालं. तिसऱ्या लाथेला दोन्ही सायलेन्सर खोकतात, निळा धूर वाड्याच्या चौकात कोंडतो आणि माडीवरून कोणाचे तरी आजोबा ओरडतात, "निघाला का एकदाचा?"

१३ मार्च १९८६, गुरुवार, पहाटेचे साडेचार. पुणे, नारायण पेठ. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. गुडघे दुखत नाहीत, याचं आधी नवल वाटेल, मग सवय होईल. पिंपरीच्या कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढली आहे आणि अर्जात कारण लिहिलंय 'घरगुती'. धूमकेतू हे कारण कुठल्याच साहेबाच्या गळी उतरलं नसतं.

एकट्याने जायचं असं तुम्ही मुळीच ठरवलेलं नव्हतं. तिघं जाणार होतात. एकाचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याला वडिलांनी गाडीची किल्ली दिली नाही. आई आठ दिवस एकच प्रश्न विचारतेय, आत्ताही दारात उभी राहून तोच विचारणार होती, पण म्हणते, "पोचलास की कार्ड टाक." कार्ड तुमच्यानंतर घरी पोचेल हे तिलाही माहीत आहे.

मागच्या सीटवर कॅनव्हासचा तंबू आहे, ट्रेकिंगवाल्या मंडळींकडून उसना आणलेला. कोरडा असतानाच तो एका माणसाला उचलवत नाही. त्याचे दोन बांबू, चादर, ट्रायपॉड आणि दशम्यांचा डबा, सगळं सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलंय. टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दोऱ्याने बांधलाय, कारण अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने क्षणात आंधळे होतात आणि लाल उजेडाने तेवढे होत नाहीत. कॅमेरा मात्र सामानात नाही. तो गळ्यात आहे, जुन्या दुलईच्या तुकड्यातून आईने शिवलेल्या पिशवीत.

मस्कतच्या मामाने आणलेला हा यशिका एफएक्स-३. लेन्स ५० मिलिमीटरची. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला, शटर निव्वळ स्प्रिंगवर चालतं. आत पूर्व जर्मनीची ओर्वो एनपी २७ फिल्म आहे, ४०० एएसए. मोठ्या डब्यातली लांबलचक फिल्म दुलईखाली अंधारात चाचपडत तुकड्यातुकड्यांनी जुन्या कॅसेटमध्ये भरायची, म्हणजे रोल स्वस्तात पडतो. तुम्ही असे दोन भरलेत. छत्तीस-छत्तीस फोटो. खटका दाबल्यावर काय उमटलं ते बघायची सोय नाही. ते पुढच्या आठवड्यात कळेल.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी, तो शहरातून दिसत नाही. हॅलेचा धूमकेतू दर शहात्तर वर्षांच्या सुमाराला येतो. वर्षभर वर्तमानपत्रांनी त्याचे इतके सोहळे केलेत की लोकांना आकाशात दिवाळीचा बाण हवाय. प्रत्यक्षात ही खेप फार वाईट. ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ गेला तेव्हा सूर्याच्या पलीकडे होता आणि पृथ्वी अलीकडे. ऐन भरात असताना आपल्याला दिसलाच नाही. आता तो परतीच्या वाटेवर आहे, मकर राशीकडून धनूकडे सरकतोय. पहाटे साडेतीन-पावणेचारला उगवतो आणि साडेपाचनंतर फटफटू लागलं की विरतो. अमावास्या १० तारखेला होऊन गेली, म्हणजे पहाटे चंद्राचा त्रास नाही. खिशात आकाशाच्या नकाशाची झेरॉक्स आहे. तिच्यावर तुम्ही लाल पेनने मोठ्ठं लिहून ठेवलंय: आग्नेय. मोकळं क्षितिज हवं.

मोकळं क्षितिज म्हटल्यावर तुम्हाला समुद्र आठवला. पुढे जे झालं ते इथून सुरू झालं.

कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सातारा. या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की तो अजून दुपदरी आहे आणि समोरून येणारा ट्रक दिवा मंद करत नाही. तुमचा दिवा सहा व्होल्टचा. गाडी पळाली तर उजळतो, गाडी हळू झाली की निरांजनासारखा होतो, म्हणजे खड्डा बघून वेग कमी केलात की खड्डाच दिसेनासा होतो. उंब्रजला हमरस्ता सोडा. मल्हारपेठ, पाटण, मग कोयनानगर. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे इथली जमीन हलली तेव्हा पुण्यातही भांडी वाजली होती. तुम्ही पाच-सहा वर्षांचे होतात, आणि वडिलांनी उचलून चौकात नेलं एवढंच आठवतंय. चहाच्या टपरीवरच्या बाईंना विचारलंत तर त्या कपबशी पुसत म्हणतात, "आमच्याकडं दोनच काळ. भूकंपाआधी आणि भूकंपानंतर."

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर थांबा. खाली कोकण आहे, पण दिसत नाही. पांढरट वाफेचा समुद्रच दिसतो. देशावरची कोरडी हवा इथे संपते आणि पहिल्या दोन वळणांतच मानेला घाम चिकटतो. आता उतार. आणि उतारावर चुकणार आहात.

येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याचं वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेलं. घाट आहे म्हणून तुम्ही पाटणच्या पंपावर लिटरमागच्या मापापेक्षा "जरा जास्तच" ऑइल टाकायला लावलंत. शिवाय उतारावर पेट्रोल वाचवायला थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडून दिलीत. सहाव्या की सातव्या वळणावर ती एकदा ठसकली, दोनदा ठसकली आणि गप्प झाली.

ही शांतता नीट ऐका. सकाळपासून कानात जो आवाज होता तो थांबल्यावर आधी कान वाजतात. मग टाकीखालून गरम लोखंडाची टिकटिक ऐकू येते. मग दरीतून एक सुतार पक्षी. मागे-पुढे कोणी नाही. फोन करायला कोणी नाही आणि फोनही नाही, सगळ्यात जवळचा खाली पोफळीत असेल तर असेल. छातीत जे होतंय त्याला भीती म्हणायची की नाही हे तुम्ही चोवीस वर्षांच्या हिशोबाने ठरवताय आणि 'नाही' असं ठरवताय.

बाजूचा डबा उघडा, पाना काढा, प्लग काढा. बघा कसा झालाय: काळा, ओला, डांबरात बुडवल्यासारखा. पेट्रोलने पुसा, पॉलिश पेपरने घासा. बनियनचा एक कोपरा कामी येईल. नवा प्लग खिशात आहे, पण तो वापरायचा नाही. शेवटचा उपाय पहिल्याच दिवशी संपवायचा नसतो, असं कोणीतरी सांगितलंय. संरक्षक कठड्यावर माकडांचं एक कुटुंब येऊन बसलंय आणि थोरला नर दशम्यांच्या डब्याकडे जाणकारासारखा बघतोय. एक ट्रक चढावर दम घेत येतो, ड्रायव्हर खिडकीतून प्लगकडे बघतो, तुमच्या काळ्या तोंडाकडे बघतो आणि एवढंच म्हणतो, "ऑइल जास्त." निघून जातो. पाचव्या किकला गाडी सुरू होते. यानंतर उताराला अधूनमधून थ्रॉटल पिळत राहा. इंजिनाला पेट्रोलबरोबर तेलाचा घोट मिळत राहतो. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. पुस्तक घरी आहे.

चिपळूणला जेवण, मग शृंगारतळीवरून गुहागर. व्याडेश्वराच्या देवळाकडून समुद्राकडे जाणारी बोळ, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत पोफळी आणि माड. एका घरी पाणी मागायला थांबता. ओटीवर नऊवारीतल्या एक आजी सुपारी कातरताहेत.

"कुठचा रे तू?"

"पुण्याचा."

"कोणाकडे आलास?"

"कोणाकडे नाही."

"कोणाकडे नाही म्हंजे?"

या प्रश्नाला कोकणात उत्तर नाही. माणूस कोणाकडे तरी येतो, नाहीतर देवाला येतो, नाहीतर कोर्टाच्या कामाला येतो. तुम्ही धूमकेतूचं सांगता. आजींचा अडकित्ता थांबतो.

"शेंडेनक्षत्र? परत आलंय काय ते? मी आठ-नऊ वर्षांची असेन. भावाने उठवून दाखवलंन् मला आंगणात. शेपटी ही अशी, वाडीवरून पार विहिरीपर्यंत. मग राजा मेला ना तो, विलायतेचा."

१९१०. एडवर्ड सातवा मे महिन्यात गेला आणि तेव्हा हॅले खरोखरच आकाशात होता. पण त्याच वर्षी जानेवारीत दुसराच एक धूमकेतू न सांगता आला होता, इतका तेजस्वी की दिवसाही दिसला. जगभरच्या कितीतरी म्हाताऱ्यांनी पुढे आयुष्यभर त्यालाच हॅले म्हणून सांगितलं. आजींनी दोघांपैकी कुठला बघितला हे आता कोणी ठरवू शकणार नाही. तुम्ही ठरवायला जाऊ नका. तुम्हाला त्यांचा फोटो काढायचाय, कॅमेरा गळ्यात आहे, उजेड सुंदर तिरपा आहे, आणि तुम्ही विचारत नाही. लाज वाटते. पुढे चाळीस वर्षं या न काढलेल्या फोटोबद्दल वाईट वाटेल. आत्ता हात पिशवीच्या बंदापर्यंत जाऊन परत येतो.

"पडवीत पड की. किनाऱ्यावर कशाला मरायला?" आजी म्हणतात. तुम्ही नको म्हणता. तंबू आणलाय ना.

सुरूच्या बनात तंबू उभा करायला पाऊण तास लागतो, कारण दोघांनी करायचं काम आहे. एक बांबू उभा केला की दुसरा पडतो. शेवटी एक टोक गाडीच्या हँडलला बांधा. सूर्य बुडतो, तिसरेची बारीक कोर पश्चिमेला टेकते, आणि वाळूवरून दोन कंदील येतात.

"कस्टमचे काय?"

"नाही."

"मग माल उतरायचाय कोणाचा?"

थट्टा आहे आणि नाहीही. सोन्या-चांदीची चोरटी आयात या किनाऱ्याला नवी नाही. रात्री एकटा परका तरुण, हातात टॉर्च आणि टॉर्चवर लाल कागद! तुम्ही असता तर तुम्हीही विचारलं असतं. ट्रायपॉड दाखवा, झेरॉक्स दाखवा. कंदील झेरॉक्सवर धरून दोघं बराच वेळ बघतात. मग थोरला म्हणतो, "म्हंजे खुळेच तुम्ही." त्यानंतर त्यांचा सगळा संशय मावळतो. जाताना ते दोन शहाळी ठेवून जातात.

रात्र मोठी आहे. समुद्राची गाज दिवसा मागे कुठेतरी असते, रात्री ती उशाशी येते. दहा मिनिटं झोपता, उठता. वाळूवर काहीतरी खरवडतंय: कुर्ली. काहीतरी श्वास घेतंय: कुत्रं, तंबूच्या कडेला अंग टेकून झोपलंय. गाडी चोरीला जाईल म्हणून तुम्ही चाकाला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलंय. हे कोणाला कधी सांगू नका. सोबत कोणी असतं तर ही सुतळी तुम्ही बांधली नसती, आणि एवढं ऐकलंही नसतं.

साडेचारला एचएमटीच्या रेडियमच्या काट्यांवर जाग येते. बाहेर या. आभाळ खच्चून भरलंय. समुद्रावर क्षितिजापर्यंत मोकळं, स्वच्छ, जसं हवं होतं तसं. होकायंत्र काढा. सुई थरथरते, थांबते. आता आग्नेय बघा.

आग्नेय पाठीमागे आहे.

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय, हे तुम्हाला चौथीच्या भूगोलापासून माहीत होतं. मोकळं क्षितिज पश्चिमेचं. आग्नेयेला सुरूचं बन, त्यामागे माड, त्यामागे डोंगराची रांग आणि या सगळ्यांवर वाडीतून उठलेलं दाट धुकं. ट्रायपॉड काखेत मारून धावा, पाण्याच्या कडेला जा. झाडांपासून जितकं लांब तितकं आभाळ खाली मोकळं होईल. धावता. माडांच्या शेंड्यांवर पांढुरकं काहीतरी आहे. तो आहे? ढग आहे? चष्मा पुसता, चष्मा पुन्हा धुरकटतो. ट्रायपॉड ओल्या वाळूत रोवता आणि एक लाट येऊन गेल्यावर त्याचा एक पाय टीचभर खाली जातो. व्ह्यूफाइंडरमध्ये दूध भरलंय. लेन्सवर दव धरलंय. रुमालाने पुसता, खारं पाणी पसरतं.

घड्याळ बघा. पाच तेहेतीस.

आता इथे मला मध्ये बोलू द्या, कारण हे तुम्हाला ठाऊक आहे आणि किनाऱ्यावरच्या त्या पोराला नाही. १४ मार्च १९८६, भारतीय वेळेने पहाटे पाच तेहेतीस. याच मिनिटाला, तिथून चौदा कोटी किलोमीटरहून दूर, जिओत्तो नावाचं युरोपीय यान सेकंदाला अडुसष्ट किलोमीटर वेगाने हॅलेच्या गाभ्याजवळून जातंय, अवघ्या ५९६ किलोमीटरवरून. गाभा लांबोडका, पंधरा किलोमीटरचा, कोळशाहून काळा. माणसाने धूमकेतूचं अंतरंग इतक्या जवळून कधीच बघितलं नव्हतं. आणि जवळ पोचायला काही सेकंद उरले असताना धुळीच्या एका कणाने यानाला असा तडाखा दिला की ते डुलायला लागलं, संपर्क तुटक झाला. यान वाचलं. त्याच्या कॅमेऱ्याने त्यानंतर एकही चित्र काढलं नाही.

तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत भिजवून रुमालाने लेन्स पुसताय. सांगू का त्याला? नको. आत्ता त्याचं ऐकायचं मन नाही.

पूर्व फटफटते. पाच पन्नासला आकाशात काही उरत नाही. पहिल्या रोलवर दुधाळ अंधाराचे अकरा फोटो झालेत.

शुक्रवारचा दिवस झटकन सांगतो. दव पडलेला तंबू दुप्पट जड होतो. पोस्टातून आईला कार्ड: सुखरूप पोचलो, हवा छान आहे. पाठीमागच्या डोंगराकडे बघत तुम्ही चहावाल्याला विचारता, "वर काय आहे?" तो म्हणतो, "वर काय असायचंय, सडा."

सडा. कोकण म्हणजे समुद्र अशी समजूत करून आलेल्या पुणेकराला हा शब्द कानावरून गेलेला असतो, पायाखालून नाही. वेळणेश्वराच्या बाजूला गाडी घ्या. पालशेत, मग चढ, आणि चढ संपला की एकदम सगळं सपाट. जांभ्याचा काळातांबडा कातळ, मैलोन्‌मैल, झाड नाही, घर नाही. मार्चमधलं गवत करपून पिवळं पडलेलं. मध्येच करवंदीची जाळी. पश्चिमेला खाली समुद्राची निळी पट्टी, आणि पूर्वेला, दक्षिणेला, आग्नेयेला क्षितिज टेकलेलं, पायाच्या पातळीवर. हे तुम्हाला हवं होतं ते ताट, आणि तुम्ही काल रात्री ताटाच्या खाली झोपला होता.

अशाच कातळांवर दक्षिणेला, रत्नागिरी-राजापूरकडे, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. गुराख्यांना ती ठाऊक आहेत. पुण्या-मुंबईचे लोक त्यांच्यासाठी गाड्या घेऊन यायला अजून पंचवीस-तीस वर्षं आहेत. ज्याला बघायचं असतं त्याला हल्ली तिथे मान खाली घालून फिरावं लागतं. तुम्ही वर बघायला आलात.

तंबूच्या खुंट्या कातळात जात नाहीत. दगडाने ठोकलीत तर खुंटी वाकते. शेवटी दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधा आणि मनाशी कबूल करा की तंबू आज फक्त वाऱ्याला आडोसा आहे. उद्या पंचमी, खालच्या वाडीतून शिमग्याच्या तयारीचा ढोल येतो, पोरं आत्तापासूनच होळीची लाकडं पळवत असणार. कोर नवाच्या पुढे मावळते. वारा पडत नाही, म्हणून दव धरत नाही. कालची भीती आज शोधूनही सापडत नाही. बहुधा थकवा.

साडेचार. ऊठ म्हणायला कोणी नाही, तरी उठलात. दक्षिणेला वृश्चिक बघा, ज्येष्ठा तांबूस, मध्यावर यायला आलेली. तिथून डावीकडे धनू. आणखी डावीकडे, थोडं खाली. हात लांब करा, करंगळी क्षितिजावर टेकवा, वीत पसरा. अंगठ्याच्या टोकाशी.

तो आहे.

बाण नाही. दिवाळी नाही. ओल्या बोटाने पाटीवरचा खडू पुसावा तसा एक डाग, आणि त्याच्यापासून वर, उजवीकडे, उगवायच्या सूर्यापासून लांब जाणारी फिकट शेपटी. सरळ बघितलं की पुसट होते. जरा बाजूला बघितलं की दिसते. डोळ्याची कड अंधाराला जास्त तिखट असते. म्हणून त्याच्याकडे बघायचं तर थोडं दुसरीकडे बघा.

तुम्ही जिथून आलात तिथे तो आत्ता नेपच्यूनच्याही पलीकडे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तो सूर्यापासून सगळ्यात लांब पोचला आणि वळला. २०६१ च्या जुलैत पुन्हा सूर्यापाशी येईल. सड्यावरचा पोरगा हिशोब करतोय: नव्व्याण्णव. आजीसारखं दोनदा बघायचं तर नव्व्याण्णव वर्षांचं व्हावं लागेल. हसू येतं त्याला. नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळच्या आकाशात गच्चीवरून दिसला असता तर ते एकदा, हे दुसऱ्यांदा, असं मोजता आलं असतं; पण पुण्याच्या दिव्यांत तो दिसलाच नव्हता.

कामाला लागा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, एफ/२. फोकस अनंतावर. शटर 'बी'वर, केबल रिलीजचा खिळा दाबून धरायचा आणि एचएमटीत सेकंद मोजायचे. वीसच्या पुढे जाऊ नका. पृथ्वी फिरतेय, पंचवीस-तीस सेकंदांत तारे ठिपके राहत नाहीत, रेघा होतात. पाच, दहा, वीस. वीस पुन्हा. फ्रेममध्ये खाली काहीतरी हवंय, नुसतं आभाळ कोणाचंही असतं. गाडी ढकलून आणता, ती बसकी, आरसा वाकडा. बरी दिसते. वीस सेकंद.

पाच वाजून दहा मिनिटांनी खालून आवाज येतो. गावात रात्री वस्तीला थांबलेली एसटी, पहिल्या गिअरमध्ये चढ चढतेय. दोन दिवे सड्यावर येतात, सगळा कातळ पांढरा होतो, तुमचे अर्धा तास जपलेले डोळे जातात, आणि बोटाखालचं शटर उघडं आहे. तो फोटो गेला. गाडी कचकन थांबते.

"बंद पडली काय?" ड्रायव्हर खिडकीतून.

"नाही हो. धूमकेतू. तो बघा. दिवे जरा—"

ड्रायव्हर वाकून बघतो, त्याला काचेतून काही दिसत नाही. मग तो काय करतो बघा: दिवे बंद करतो. बाहेरचे, आतले, सगळे. इंजिनही. सड्यावर पुन्हा काळोख होतो, परवाच्या घाटासारखीच शांतता, फक्त आता तिच्यात माणसं खोकताहेत. कंडक्टर उतरतो. मागोमाग चिपळूणला निघालेले दहा-बारा जण. पाट्या घेतलेल्या दोन बायका, फायल छातीशी धरलेला एक पोरगा, काठी टेकत एक म्हातारा.

"कुठे?"

"तिकडे. वीतभर वर. सरळ नका बघू, जरा बाजूला बघा."

"हे? एवढंच?" कंडक्टर म्हणतो. "यासाठी पुण्यापासून आलात?"

"दिसलं," फायलवाला पोरगा हळूच म्हणतो. एक बाई पदराने कडेवरच्या मुलाचे डोळे झाकते आणि स्वतः बघते. म्हातारा काही बोलत नाही. काठी काखेत धरून हात जोडतो आणि तसाच राहतो.

परवा आजींना विचारता आलं नाही ते आज विचारा. अंधारात सोपं जातं. "जरा थांबाल? वीस सेकंद. हलू नका."

"आमची गाडी येईल काय फोटोत?" ड्रायव्हर.

"येईल."

खिळा दाबा. एक, दोन, तीन. कोणीतरी कुजबुजतं, कोणीतरी मान वळवतं, कंडक्टर बिडी ओढतो. अठरा, एकोणीस. सोडा.

टिंग टिंग. दिवे लागतात, गाडी निघून जाते, तिचा तांबडा दिवा बराच वेळ सपाटीवर दिसत राहतो. पूर्वेला चुन्याची रेघ उमटलीय. आणखी दोन फोटो निघतील, मग नाही. काढू नका वाटलं तर. बसा.

परतीची वाट आली तशीच आहे, फक्त ऑइल मापात.

मंगळवारी रात्री मोरीचं दार आतून लावून, फटीत टॉवेल कोंबून, टाकीत रोल धुतलात. सकाळी दोरीवर सुकायला टाकलाय, खाली चिमटा लटकावून. निगेटिव्ह आहे, सगळं उलटं: रात्र पारदर्शक, तारे काळे ठिपके. तेविसावी चौकट डोळ्यांशी धरा. एसटीचं टप स्वच्छ आहे. माणसं बहुतेक नाहीत. वीस सेकंदांत जो हलला तो विरघळला. कंडक्टरच्या जागी काळी वेडीवाकडी रेघ आहे, बिडीची. म्हातारा मात्र जागच्या जागी, हात जोडलेला, थोडा पुसट.

आई चहा घेऊन येते. निगेटिव्हचं टोक बोटांत धरून खिडकीच्या उजेडात बघते, मान वाकडी करून, चष्मा वर करून, बराच वेळ.

"यातलं तुझं शेंडेनक्षत्र कुठलं आणि धूळ कुठली?"

आणि बोटाच्या टोकाने पुसायला जाते. "थांब, थांब," तुम्ही ओरडता.